बाराव्या आठवड्याच्या पुड्या

आताच्या मुलांना कंपाउंडर म्हणजे काय ते सांगावं लागतं. माझ्या नातीची समजूत होती की मी दवाखान्यात नंबर पुकारायचो. तसं नव्हतं. पन्नास-साठ सालच्या शिरूरमध्ये कारखान्यातून तयार होऊन येणारी औषधं थोडी. बाकीची आम्ही करायचो. डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत सरकवणार. आत मी, काचेच्या बरण्या, पितळी तराजू आणि चिनी मातीचा खल. औषध पातळ असेल तर बाटलीच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एका खाचेपर्यंत एक डोस. कोरडं असेल तर पुड्या. कागदाचे चौकोन टेबलावर ओळीनं मांडायचे, प्रत्येकावर तोलून पूड ठेवायची आणि चार घड्यांत बंद करायची. माझी पुडी खिशात आठ दिवस राहिली तरी सुटत नसे. याचा मला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

पुडी बांधणं सोपं, ती नीट घ्यायला लावणं कठीण. इनामगावचे एक आबा पोट दुखतं म्हणून आले. तीन दिवसांच्या नऊ पुड्या दिल्या, तर दुसऱ्याच दिवशी दारात हजर. नऊच्या नऊ एका तांब्यात कालवून प्यायले होते. डॉक्टरीणबाई रागावल्या, तर म्हणतात कसे, "आवो बाई, बरंच व्हायचंय तर तीन दिस कशापायी? आन् नऊ डाव तोंड कोन कडू करनार?" नशीब, पुड्यांत पोटाचा सोडाच होता. आबा दोन दिवस ढेकर देत बाजारात हिंडले.

हा किस्सा मी चारचौघांत पुष्कळदा सांगितला आहे. त्यात चूक आबांची होती. ज्यात चूक माझी होती तो मी गेल्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितला नव्हता. आता वय नव्वदीकडे झुकलं आहे, आणि ज्या बाईवर त्या चुकीचं ओझं पडलं ती राहिली नाही. म्हणून लिहितो.

आमच्या डॉक्टर एस्तेरबाई. आम्ही दोघंही ख्रिस्ती, पण गावाला त्याचं काही नव्हतं. गावाच्या लेखी त्या 'बाई' आणि मी 'कंपाउंडर'. माझं घर दौंडला, रेल्वे कॉलनीजवळ. आठवडाभर दवाखान्यामागच्या खोलीत राहायचो आणि बाजाराच्या दिवशी दुपारची एस.टी. पकडून घरी जायचो.

अशाच एका बाजाराच्या दिवशी कवठे येमाईहून अनुसयाबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी सहा वर्षांची, सुमन. बाईंनी विचारलं, काय होतं?

"शेंगा सोसत न्हाईत हिला," अनुसयाबाई म्हणाल्या. "ल्हान व्हती तवा दान्याचं कूट पडलेली भाजी भरवली, तर सगळ्या अंगावर गांधी उठल्या. औंदा चुलत्यानं भाजल्याली शेंग दिली येक. येकच. व्हट ह्येऽऽ सुजले, आन् श्वास घ्याया येईना. मला वाटलं, गेली."

बरोबर आलेली सासू फटकन म्हणाली, "आमच्या सात पिढ्या शेंगा खाऊन वाढल्या. हिचं माह्यार निराळं, रगत निराळं. शेंगांना कशाला नावं?"

आज याला ॲलर्जी म्हणतात आणि शहरातल्या शाळांना ती ठाऊक असते. तेव्हा आमच्याकडं शब्द होता वावडं, आणि वावडं म्हणजे फार तर खाज सुटते, अशी समजूत. शेंगदाण्यानं मूल मरू शकतं हे सांगितलं तर लोक हसायचे. त्यातून यांच्या घरचा भुईमूग पाच एकर. काढणीला शेंगांचे ढीग अंगणात, फोलपटं ओसरीवर, आमटीत कूट, चटणीत कूट, उपासाला तर दुसरं काहीच नाही. त्या घरात या पोरीला जपायचं म्हणजे तिला डोळ्यांपुढून हलू द्यायचं नाही. अनुसयाबाई खुरपायला जाताना तिला पाठीशी बांधून न्यायच्या, सहा वर्षांच्या मुलीला.

एस्तेरबाईंनी दोन दिवस विचार केला. अंडं न सोसणाऱ्या एका मुलाला परदेशातल्या डॉक्टरांनी कणाकणानं अंडं देऊन सोसायला लावलं होतं, असं त्यांनी शिकताना वाचलं होतं. दाण्याचं कुणी केल्याचं त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या बाजाराला त्यांनी अनुसयाबाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "यात धोका आहे. मुलगी लाडू खायला लागेल असं मी म्हणत नाही. पण चुकून बोट चाटलं, तर त्या बोटानं तिचा जीव जाऊ नये, एवढंच मला करायचं आहे."

"त्येवढंच करा," अनुसयाबाई म्हणाल्या. "माज्यामागं कोन जपंल तिला?"

मग बाई आत आल्या आणि मला काम समजावून दिलं. ते इथं सविस्तर सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. दाणे भाजायचे, सालं काढायची, कुटायचे. कूट टीपकागदाच्या घड्यांत घालून वर वजन ठेवायचं, म्हणजे तेल कागदात उतरतं आणि पूड मोकळी होते. तेलकट राहिली तर तिच्या गाठी होतात. मग ही चिमूटभर पूड पुष्कळशा दुधाच्या साखरेत, म्हणजे औषधं मिसळायला वापरतात त्या पांढऱ्या पुडीत, मिसळायची. पण एकदम नाही. जेवढी पूड तेवढीच साखर खलात घ्यायची, घोटून एकजीव करायची; मग जेवढं झालं तेवढीच साखर आणखी, पुन्हा घोटायचं; असं दर वेळी दुप्पट. दाण्याचा अंश प्रत्येक पुडीत सारखा जायचा तर दुसरा मार्ग नाही. सात पुड्यांना मला पाऊण तास लागायचा. पहिल्या आठवड्याच्या पुडीत दाणा इतका थोडा होता की अख्ख्या एका दाण्यात गावाला वर्षभर पुरतील एवढ्या पुड्या झाल्या असत्या. दर आठवड्याला अंश थोडा वाढवायचा.

आठवड्याची पहिली पुडी दवाखान्यात बाईंसमोर. त्यानंतर सुमननं दोन तास बाकावर बसायचं. काही झालं नाही तर उरलेल्या सहा घरी न्यायच्या, रोज सकाळी एक. चुकून त्रास झालाच तर द्यायला एक गोड औषधही बाईंनी दिलं होतं. आणि नियम असा, की काहीही बिनसलं तर उरलेल्या पुड्या परत घेऊन यायचं.

सुमन त्या दोन तासांत बाकावरची मंडळी न्याहाळायची आणि त्यांच्या खोकल्याच्या नकला करायची. "कंपाउंडरमामा, वळखा," असं म्हणून खिडकीशी येऊन खोकायची. मी ओळखायचो, "हा न्हावऱ्याच्या पाटलांचा." ती म्हणायची, "व्हय. आन् ह्यो?" आणि नवा खोकला. एकदा खुद्द पाटील मागं उभे होते. तेही हसले आणि हसता हसता खरोखरच तसे खोकले.

अकरा आठवडे काही झालं नाही. एकदा ओठाला खाज, एकदा दोन गांधी, बस्स. अकराव्या आठवड्यात अनुसयाबाई सांगत आल्या की अंगणात शेंगा झोडल्या, तरी पोरीला नुसत्या शिंका आल्या. सासूबाईही म्हणाल्या म्हणे, "हाय बया काई तरी त्या पुडीत." एस्तेरबाई खूश होत्या. इनामगावच्या एका बाईचं मूल असंच होतं; त्यालाही पुढच्या महिन्यापासून सुरू करू म्हणाल्या. मला म्हणाल्या, "हे तुमच्या हाताचं काम आहे. मी नुसती चिठ्ठी लिहिते."

बारावा आठवडा. बाजाराचा दिवस, ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. बायको दौंडला आणि एस.टी. तीनची. ती चुकली तर दुसऱ्या दिवसाशिवाय जाणं नाही. अडीच वाजता लक्षात आलं की सुमनच्या पुड्या राहिल्या आहेत. बाहेर आई-लेक सकाळपासून बसलेल्या; त्यांची शेवटची गाडी पाचची, आणि पुडीनंतरचे दोन तास अजून बाकी. टीपकागदात कूट दाबून ठेवायला मी आदल्या दिवशी विसरलो होतो. मी तसंच तेलकट कूट खलात टाकलं, सगळी साखर वर एकदम ओतली आणि दहा-वीस वेळा बत्ता फिरवला. वरून पांढरं दिसलं. अकरा आठवडे हात चुकला नव्हता, तो आता काय चुकणार, असं मनात आलं होतं हे मला नीट आठवतं. पुड्या तोलल्याही नाहीत. टेबलावरच्या चिनी मातीच्या फरशीवर पूड पसरून सुरीनं सात वाटे केले.

खिडकीतून बाईंनी विचारलं, "सुमनच्या झाल्या?"

"झाल्या बाई."

पहिली पुडी बाईंसमोर दिली. सुमनला काही झालं नाही, कारण त्या पुडीत बहुतेक नुसती साखरच गेली असणार. मला तीनची गाडी मिळाली.

चौथ्या दिवशी दुपारी कांद्याची एक लॉरी दवाखान्यासमोर थांबली. केबिनमधून अनुसयाबाई उतरल्या, खांद्यावर सुमन. चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे मिटलेले, ओठ निळसर आणि प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज. वाटेत दोनदा उलटी झाली होती. बाई नंतर म्हणाल्या की त्या उलट्यांनी आणि त्या गोड औषधानं ती इथवर पोचली. बाईंनी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं पुन्हा दिलं. मी सुया उकळत होतो आणि माझे हात स्थिर होते. त्याचं मला आजही नवल वाटतं.

तासाभरानं श्वास मोकळा झाला. तेव्हा अनुसयाबाईंनी कनवटीचा रुमाल सोडला आणि माझ्यापुढं धरला. "ह्या घ्या भाऊ. उरल्याल्या तीन. बाईंनी सांगितलं व्हतं ना, परत आनायच्या."

मी आत गेलो. पहिली पुडी उघडली, पांढरी. दुसरी हातात घेतली, आणि उघडायच्या आधीच दिसलं की कागद पारदर्शक झाला आहे. तेलाचा डाग. आत पिवळट गाठ, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. नेमून दिलेल्या डोसाच्या कितीतरी पट. तिसरीवरही डाग होता, थोडा लहान. तशीच एक त्या सकाळी पोरीच्या पोटात गेली होती.

बाहेर सासूचा आवाज चढला होता. दिवस चतुर्थीचा होता. घरात भगर, दाण्याची आमटी. सासू उपाशीतापाशी दुसऱ्या गाडीनं मागून आली होती आणि रडत होती. "मी रानात गेल्याली. घरात ह्यी आन् पोर, तिसरं कोन? पोरीनं मागितली आसंल आमटी, आन् हिनं दिली आसंल बोटभर!"

"न्हाई वो आत्याबाई. पुडीबिगर काय न्हाई दिलं. लेकीच्या गळ्याची आन."

"मग काय वाऱ्यानं सुजली?"

एस्तेरबाईंनी मला हाक मारली, "उरलेल्या पुड्या दाखवा बरं."

शेजारी स्टोव्ह पेटलेला होता, सुयांचं पाणी उकळत होतं. फळीवर अकराव्या आठवड्याच्या जास्तीच्या तीन पुड्या होत्या, एखादी भिजली तर असावी म्हणून केलेल्या, नीट घोटलेल्या. मी परत आलेल्या तिन्ही पुड्या, डागांच्या कागदांसकट, स्टोव्हच्या जाळावर धरल्या. दाणा जळाल्याचा वास येईल म्हणून मागची खिडकी उघडली. इतकं सगळं सुचलं. मग अकराव्या आठवड्याच्या पुड्या त्याच रुमालात ठेवल्या आणि बाईंपुढं नेल्या.

बाईंनी एकेक उघडली, उजेडात धरली, बोटानं चोळली. "पुड्या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. मग अनुसयाबाईंकडं वळल्या, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "मी तुला रागावणार नाही. पण खरं सांग. बोटभर तरी दिलंस का?"

अनुसयाबाई माझ्याकडं बघत होत्या. मी पुड्या बांधायचो, तेव्हा मीच काही सांगेन, असं त्यांना वाटलं असावं. मी खाली बघून रुमालाची घडी केली.

"न्हाई दिलं," एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा आण घेतली नाही.

त्या दिवसापासून पुड्या बंद. बाईंनी इनामगावच्या मुलालाही सुरू केलं नाही. म्हणाल्या, घरात पथ्य पाळलं जात नसेल तर हे औषध नाही, विष आहे. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना जे दाखवलं त्यावरून त्यांनी ठरवलं. आणि कवठ्यात ठरलं की या बाईच्या भरवशावर पोर ठेवायची नाही. सुमनला दौंडला मामाकडं पाठवली. मामा रेल्वेत, दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात शेंगदाणा आणायचा नाही असा दंडक.

म्हणजे ती माझ्याच गल्लीच्या पलीकडं राहायला आली. मी शनिवार-रविवार घरी यायचो तेव्हा ती शाळेच्या मैदानावर दिसायची. मला बघून खोकल्याची नक्कल करायची, पण जवळ यायची नाही. पुढं मी शिरूर सोडलं आणि दौंडलाच औषधांचं दुकान टाकलं. अनुसयाबाई पंधरा दिवसांनी लेकीला भेटायला यायच्या, कवठ्याहून शिरूर, शिरूरहून दौंड, दोन गाड्या बदलून. संध्याकाळच्या गाडीला वेळ असला की दुकानाच्या पायरीवर टेकायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, गाव म्हनतंय ते म्हनू द्या. तुमचा तरी इश्वास हाय न्हवं माज्यावर?"

"हाय," मी म्हणालो.

"बास मग," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. त्यानंतर त्या दर खेपेला माझ्यासाठी काही ना काही आणायच्या. वालाच्या शेंगा, चार लिंबं. ते मी घेत गेलो. सुमनचं शिक्षण होईपर्यंतच्या त्या बारा-तेरा वर्षांत सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय होणार, पोर तर वाढली. खरं म्हणजे मला दुकान चालवायचं होतं. ज्याच्या हातून डोस चुकला त्याच्याकडून औषध कोण घेईल?

एस्तेरबाई गेल्या. काही वर्षांनी अनुसयाबाई गेल्या. मी त्यांच्या दहाव्याला कवठ्याला गेलो होतो. तिथंही एक बाई दुसरीला सांगत होती, "हिनंच न्हाई का लेकीला आमटी चाटवली व्हती."

गेल्या वर्षी नातीनं मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि मला म्हणाली, "आजोबा, मोठ्या हॉस्पिटलांमध्ये आता शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर लहान मुलांना शेंगदाण्याचीच पूड देतात, मोजून, रोज थोडी थोडी. ऐकलंय कधी?" (वाचकांपैकी कुणी हे घरी करू नये. मोजून म्हणजे किती मोजून, ते मी वर लिहिलंच आहे.) दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि सुमनकडं गेलो. ती आता सत्तरीला आलेली, शिक्षिका होती, दौंडलाच राहते. शेंगदाण्यापासून आयुष्यभर लांब राहिली. लग्नकार्यात घरून डबा नेते.

तिला सगळं सांगितलं. तीनची एस.टी., टीपकागद, तेलाचे डाग, स्टोव्ह. ती ऐकत होती. रागावेल, उठून जा म्हणेल, असं धरूनच मी गेलो होतो.

ती म्हणाली, "मामा, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. लोकांनी सांगितलं तेच मी खरं धरलं. आई शेवटी आजारी होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून म्हणाले होते, 'आई, ते मनात ठेवू नको. तू मायेनंच दिलं असशील. माझा तुझ्यावर राग नाही.'"

"मग?"

"तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं."

आत कुकरची शिट्टी झाली, ती उठून गॅस बंद करून आली आणि उभ्यानंच म्हणाली, "मी तिला माफ केलं हो, मामा. जे तिनं केलंच नाही त्याची माफी दिली, आणि ती ते ऐकून घेऊन गेली."

मी हात जोडले. तिनं ते पाहिलं. म्हणाली, "हे मला एकटीला सांगून भागायचं नाही. कवठ्याच्या वाचनालयात दिवाळी अंक येतात. तिथं लिहा. आईचं नाव घालून लिहा. ज्यांनी ऐकलंय त्यांच्यातली दोन-चार माणसं अजून आहेत, आणि नसतील त्यांची पोरं वाचतील."

म्हणून ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना शेवटी सरळ सांगतो. अनुसयाबाईंनी त्या चतुर्थीला लेकीला आमटी दिली नाही, चटणी दिली नाही, बोटही चाटवलं नाही. त्यांनी दवाखान्यानं सांगितलं तेवढंच केलं. सकाळी पुडी दिली, आणि बिनसल्यावर उरलेल्या रुमालात बांधून परत आणल्या. पुड्या मी बांधल्या होत्या.